१२३४५६७८९८७६५४३२१ : संख्येचा गुण कोणता, लिखाणाचा कोणता?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकत असेन तर कळेल. सातवीतल्या मुलानं वहीत लिहून आणलं की १११११११११ ला त्याच संख्येनं गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१ येतं. तुम्ही एक्सेलमध्ये करून पाहिलंत तर १२३४५६७८९८७६५४३०० आलं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरनं १.२३४५६७९ लिहून पुढे ‘ई १६’ असं काहीतरी दाखवलं. मुलानं हट्टानं दहा एक घेऊन पाहिले तेव्हा नक्षीच मोडली. तेव्हा तुमचे प्रश्न तीन: खरं उत्तर कोणतं, ही मूळ संख्या (एक आणि ती स्वतः सोडून कशानंच भाग न जाणारी) आहे का, आणि यात काही गणित आहे की नुसती व्हॉट्सॲपवर पुढे ढकलायची गंमत?

पहिल्या दोनांची उत्तरं लगेच देऊन टाकतो. वहीतलं उत्तर बरोबर आहे, एक्सेलचं चूक. आणि संख्या मूळ नाही. ती १११११११११ चा वर्ग आहे हे तुम्हीच सांगितलंत, आणि पूर्ण वर्ग कधी मूळ नसतो. तिसरा प्रश्न मात्र ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये बसत नाही. ‘विशेष’ कशाला म्हणायचं यावर ते अवलंबून आहे. बत्तीस वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवताना मी एक सवय लावून घेतली: असा आकडा समोर आला की त्याचे गुण दोन ढिगांत टाकायचे. एका ढिगात संख्येचे स्वतःचे गुण, दुसऱ्यात ती लिहिण्याच्या पद्धतीचे गुण. तुमच्या मुलाची संख्या या सवयीसाठी फारच सोयीची आहे, कारण तिच्याकडे दोन्ही ढीग भरून आहेत आणि लोक ते कायम एकमेकांत मिसळतात.

नक्षीपासूनच सुरुवात करू, कारण डोळा तिथेच अडकतो. मुलाला कागदावर उभा गुणाकार मांडायला सांगा, शाळेत शिकवतात तसाच. गुणक १११११११११ आहे, म्हणजे प्रत्येक ओळ तीच ती, १११११११११, फक्त दर वेळी एक घर डावीकडे सरकवलेली. नऊ ओळी होतील. आता उजवीकडून एकेक रकाना बेरजेला घ्या. पहिल्या रकान्यात एकच एक. दुसऱ्यात दोन. तिसऱ्यात तीन. असं चढत नवव्या रकान्यात नऊ एक जमतात, कारण तिथे नऊच्या नऊ ओळी हजर असतात. पुढे वरच्या ओळी संपत जातात आणि रकान्यातले एक कमी होत होत शेवटी पुन्हा एकावर येतात. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक हा त्या रकान्यात किती एक उभे आहेत त्याची मोजदाद आहे, बाकी काही नाही. या सगळ्या बेरजेत एकदाही हातचा येत नाही. सगळ्यात उंच रकाना नऊचा, आणि नऊ एका घरात मावतो. नक्षी टिकली ती एवढ्यामुळेच.

याच चित्रातून आणखी एक गोष्ट फुकट मिळते. नऊ ओळी, प्रत्येकीत नऊ एक, म्हणजे एकूण एक किती? ८१. हातचा नसल्यामुळे ते सगळे उत्तरात जसेच्या तसे उतरलेत. म्हणून १+२+३+४+५+६+७+८+९+८+७+६+५+४+३+२+१ ही अंकांची बेरीज ८१ यायलाच हवी, बेरीज न करताच. मी वर्गात हे फळ्यावर नऊ बाय नऊ ठिपके काढून दाखवायचो आणि तिरप्या रेघा मारायचो. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या घरातल्या मुलींना ते मुलांच्या आधी दिसायचं, हा माझा अनुभव.

आता दहा एकांचं. रकाने १, २, ३ … ९, १०, ९ … असे होणार. दहा एका घरात मावत नाही. शून्य लिहून हातचा एक. तो हातचा शेजारच्या नऊत पडला की तेही दहा, पुन्हा शून्य, हातचा एक. तो पुढच्या आठाला मिळाला की नऊ, आणि तिथे थांबलं. म्हणून उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडे आठ गायब झालेला दिसतो, मध्ये दोन शून्यं, आणि अंकांची बेरीज शंभर असायची ती ८२. दोनदा हातचा गेला. प्रत्येक हातच्याला दहाचा एक होतो, म्हणजे बेरीज नऊनं घटते. १०० वजा १८. मुलानं ‘नक्षी मोडली’ म्हटलं, ते डोळ्यांपुरतं खरं. रकाने मात्र अजूनही एक ते दहा चढून दहा ते एक उतरतायत. दहाच्या घरात ‘१०’ हा एकच अंक लिहायची सोय असती तर नक्षी पुढे चालू राहिली असती.

आणि ती सोय करता येते. आपण दहाच्या पायात मोजतो, म्हणजे दहा झाले की डावीकडच्या घरात एक होतो. ते सोडून सोळाच्या पायात मोजलं तर पंधरापर्यंतचा प्रत्येक आकडा एका घरात बसतो, आणि तिथे पंधरा एकांच्या वर्गापर्यंत ही चढ-उतार बिनहातच्याची चालते. उलट आठच्या पायात सात एकांवरच संपते. म्हणजे ‘चढून उतरणं’ हा आपल्या संख्येचा गुण नाही. दहाच्या पायात लिहिण्याचा आहे. हीच संख्या आठच्या किंवा सातच्या पायात लिहा, नक्षी कुठे दिसणार नाही. पण ती पूर्ण वर्ग आहे, हे कुठल्याही पायात लिहा, खरंच राहील. माझे दोन ढीग म्हणतात ते हेच.

उलटसुलट सारखं वाचता येणंही लिखाणाच्याच ढिगात. ‘चिमा काय कामाची’ मराठीत उलट वाचलं तरी तेच. भाषांतर केलंत की जादू गेली. तसंच हे.

लिखाणाच्या ढिगाला मी कमी लेखतोय असं समजू नका. या ढिगावर आपल्याकडे फार जुनं प्रेम आहे. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला जैन गणिती महावीराचार्य, त्याच्या ‘गणितसारसंग्रहा’त गळ्यातल्या माळेसारख्या दिसणाऱ्या गुणाकारांची उदाहरणं आहेत. त्यातलं एक २७९९४६८१ गुणिले ४४१, आणि उत्तर १२३४५६५४३२१, एकापासून सहापर्यंत चढून उतरणारं. तुमच्या मुलाच्या संख्येची ही धाकटी बहीण, सहा एकांचा, म्हणजे ११११११ चा वर्ग. गुणाकार नीट पाहिलात तर ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा, आणि २१ गुणिले ५२९१ म्हणजे ११११११. हजार वर्षांपूर्वी कुणीतरी सहा एकांच्या संख्येचे अवयव पाडून, त्यांचे वर्ग करून विद्यार्थ्यापुढे कोडं टाकलंय.

आणि जवळचं नाव हवं तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ते जगभर माहीत झाले, पण ते देवळालीला शाळामास्तर होते आणि अशा संख्यांवर त्यांनी आयुष्यभर काम केलं. १, १२१, १२३२१ पासून तुमच्या मुलाच्या संख्येपर्यंतच्या या ओळीला त्यांच्या परिभाषेत ‘डेम्लो संख्या’ म्हणतात. डेम्लो म्हणजे जी.आय.पी. रेल्वेवरचं मुंबईपासून तीसेक मैलांवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली. तिथे त्यांना या संख्यांचा अभ्यास करायची कल्पना सुचली, म्हणून स्टेशनाचंच नाव दिलं. रोज सकाळी डोंबिवलीला लोकलमध्ये शिरायची धडपड करणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल कोण जाणे.

डेम्लो संख्येत कापरेकर काय बघतात ते मजेदार आहे. मधला नऊ बाजूला काढा. डावीकडे राहिले १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. त्यांची बेरीज करा: ९९९९९९९९. मधला जो अंक, त्याचीच माळ. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मधला तीन. १२३४३२१ मध्ये १२३ आणि ३२१ मिळून ४४४, मधला चार. दहा एकांच्या ‘मोडलेल्या’ संख्येतही हे लपून चालूच आहे: हातचा न नेता रकाने ठेवले तर डावीकडे १२३४५६७८९, मध्ये दहा, उजवीकडे ९८७६५४३२१; दोन्हींची बेरीज बरोबर १११११११११ ची दहापट, १११११११११०. म्हणजे नऊ घरांत दहाची माळ.

कापरेकरांचीच दुसरी कल्पना ‘हर्षद संख्या’. हर्ष देणारी ती हर्षद. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो ती. आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज ८१ आहे हे वर आलंच. ८१ नं भागा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. म्हणजे ही हर्षद. पण तिच्या सगळ्या बहिणी तशा नाहीत. १२१ ची बेरीज ४, भाग जात नाही. १२३२१ ची ९, जातो. १२३४३२१ ची १६; विषम संख्येला सोळानं भाग कसा जाणार? एक ते नऊ एकांच्या वर्गांत हर्षद निघतात तीनच: १, १२३२१ आणि आपली. बाकी सहा नाहीत. कारण सोपं आहे: बेरीज म्हणजे एकांच्या संख्येचा वर्ग, तेव्हा प्रश्न एवढाच उरतो की तीन एकांना तीननं, नऊ एकांना नऊनं भाग जातो का. जातो. चार, पाच, सहा, सात, आठ एकांना तितक्यानं जात नाही. दोन एकांना दोननंही नाही.

इथे मी थोडा थांबतो, कारण आता दुसऱ्या ढिगाकडे जायचंय आणि माझ्या मते खरी चव तिकडे आहे.

संख्येचे स्वतःचे गुण बघायचे तर आधी मूळ अवयव पाडायचे. १११११११११ च्या अंकांची बेरीज नऊ, म्हणून नऊनं भाग जातो: १२३४५६७९. (आठ नसलेली ही संख्या तुम्ही आधीही पाहिली असेल.) आता हिचे अवयव? इथे विद्यार्थी ७, ११, १३ असं ओळीनं भागत बसतात. बसायची गरज नाही. नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडा: १११, १११, १११. म्हणजे १११ गुणिले १००१००१. आणि १११ म्हणजे ३ गुणिले ३७. तेव्हा ३७ सापडला. ७ आणि १३ यांना सहा एक लागतात तेव्हा कुठे पहिल्यांदा भाग जातो, ११ ला दोन एक लागतात, ४१ ला पाच, आणि पुढेही तेवढ्याच एकांच्या पटींना जातो. नऊ ही संख्या सहाच्या, दोनच्या किंवा पाचच्या पटीत नाही, म्हणून हे सगळे भागाकार न करताच बाद.

उरलं १००१००१. अंकांची बेरीज तीन, म्हणून ३ नं भाग: ३३३६६७. हा मूळ आहे का? याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये. आंधळेपणानं गेलात तर ५७७ पर्यंतच्या शंभराहून जास्त मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. पण यातही एक आडवाट आहे. ३३३६६७ ला एखादा मूळ अवयव असेलच तर तो नऊ एकांच्या संख्येलाही भागणार. तीन एकांना भागणारे मूळ म्हणजे फक्त ३ आणि ३७, आणि ते दोन्ही ३३३६६७ ला जात नाहीत. ३७ नं भागलं तर बाकी एक उरते. मग जो राहील त्यानं भाग जायला पूर्ण नऊ एक लागतात. फर्माच्या छोट्या प्रमेयावरून अशा अवयवातून एक वजा केला तर उत्तर नवाच्या पटीत यायला हवं. शिवाय तो विषम, म्हणून अठराच्या पटीत. तेव्हा तपासायचे ते फक्त १९, ७३, १०९, १२७, १६३, १८१ असे, अठराच्या पटीपेक्षा एकनं जास्त असलेले मूळ. ५७७ पर्यंत ते ३७ धरून सतराच आहेत. ३७ झालाच, उरले सोळा. एका संध्याकाळी चहाच्या कपासोबत होतात. मी केलेत. एकही जात नाही. ३३३६६७ मूळ आहे.

म्हणून १११११११११ म्हणजे ३ चा वर्ग गुणिले ३७ गुणिले ३३३६६७, आणि तुमच्या मुलाची संख्या म्हणजे ३ चा चौथा घात, ३७ चा वर्ग आणि ३३३६६७ चा वर्ग यांचा गुणाकार. सतरा अंकी आकडा, पण आत मूळ संख्या तीनच. विभाजक किती? तीनचा घात शून्य ते चार, पाच प्रकारे घेता येतो. इतर दोघांचा तीन-तीन प्रकारे. ५ × ३ × ३, म्हणजे ४५. विषम संख्या आली हेही नीट आहे: विभाजक जोडीजोडीनं येतात, फक्त वर्गमूळ स्वतःचीच जोडी असतं.

३३३६६७ ची आणखी एक खुबी सांगण्यासारखी आहे. एक भागिले ३३३६६७ दशांशात काढलात तर ०.०००००२९९७०००००२९९७… असं नऊ-नऊ अंकांनी तेच पुन्हा येतं. बरोबर नऊ अंकांची अशी आवर्तनं देणारी दुसरी मूळ संख्या नाहीच. हा गुण मात्र अर्धा संख्येचा, अर्धा दहाच्या पायाचा. ढीग दोन म्हटले तरी काही माल मधल्या उंबऱ्यावर बसतो.

आता ‘मूळ आहे का’ हा प्रश्न तुम्हाला मुळात का पडला असेल त्याचा अंदाज सांगतो. याच नक्षीचा एक आकडा मूळ म्हणून फिरतो, पण तो हा नाही. तो आहे १२३४५६७८९१०९८७६५४३२१, म्हणजे एक ते नऊ, मग दहा, मग नऊ ते एक. वीस अंकी, आणि तो खरोखरच मूळ आहे. बघायला दोघे सख्खे शेजारी. पण एकाचे ४५ विभाजक आणि दुसऱ्याचे दोनच, एक आणि तो स्वतः. लिखाणावरून संख्येचा स्वभाव ओळखायला गेलं की काय होतं त्याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक्सेलचं आता बघू. तुमचा संगणक बिघडलेला नाही. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले पंधरा अंक सांभाळतं. त्यापुढचे शून्य करतं. तुमची संख्या सतरा अंकी, म्हणून शेवटचे २१ जाऊन ०० आलं. आतल्या आत ते ज्या पद्धतीनं साठवतं, तिच्यात ९००७१९९२५४७४०९९२ (दोनचा त्रेपन्नावा घात) एवढ्यापर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या अचूक बसते. त्याच्या वर गेलं की काही अंतरापर्यंत फक्त सम संख्याच बसतात. तुमची संख्या त्या रेषेच्या वर आहे आणि विषम आहे, म्हणून ती बसूच शकत नाही. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हाच गुणाकार केलात तर १२३४५६७८९८७६५४३२० येईल, एकानं कमी. पायथॉन या दुसऱ्या भाषेत पूर्णांक म्हणूनच ठेवलात तर अचूक येईल, कारण तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही. मोबाइलवरचं ‘ई १६’ म्हणजे दशांशचिन्ह सोळा घरं उजवीकडे न्या, एवढंच. जागा नाही म्हणून आटोपतं घेतलंय.

हे ऐकायला किरकोळ वाटतं. मी जिथे शिकवायचो तिथल्या कार्यालयात एकदा शिष्यवृत्तीच्या यादीत विद्यार्थ्यांचे सोळा अंकी खाते क्रमांक एक्सेलमध्ये टाइप झाले. यादीतला प्रत्येक क्रमांक शून्यानं संपत होता. कुणाला वावगं वाटलं नाही. क्रमांक लांब दिसत होते, ओळीत होते, झालं. पैसे परत आले तेव्हा कळलं. तेव्हापासून माझा नियम: ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही तो आकडा नाहीच, ते नाव आहे. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करायचा, मग टाइप करायचं. आधी टाइप करून मग टेक्स्ट केलंत तर गेलेले अंक परत येत नाहीत.

मशीन खोटं बोलतंय हे मशीनशिवाय कसं ओळखायचं? ताळा. आपल्या आजोबांच्या पिढीला हा तोंडपाठ होता. नवाचा ताळा घ्या: १११११११११ च्या अंकांची बेरीज ९, म्हणजे नवानं भाग जातो, तेव्हा वर्गालाही जायलाच हवा. वहीतल्या उत्तराची बेरीज ८१, ताळा जमला. एक्सेलच्या उत्तराची ७८, नवानं भागून बाकी ६. जावास्क्रिप्टच्या उत्तराची ८०, बाकी ८. दोन्ही नापास, दहा सेकंदांत. त्याहून सोपं म्हणजे शेवटचा अंक: एकनं संपणाऱ्या संख्येचा वर्ग एकनंच संपतो, शून्यानं नाही. ताळा जमला म्हणजे उत्तर बरोबर असंच नाही, पण नाही जमला तर चूक हे नक्की.

मुलाला मात्र मी वेगळा ताळा करायला देईन. वर्गमूळ काढायला सांगा, भागाकार पद्धतीनं, जोड्या पाडून. १ | २३ | ४५ | ६७ | ८९ | ८७ | ६५ | ४३ | २१. पहिला एक गेला, बाकी शून्य. २३ उतरवा, २१ वजा, बाकी २. ४५ उतरवा, २४५ मधून २२१, बाकी २४. पुढे २४६७ मधून २२२१, बाकी २४६. मग २४६८९ मधून २२२२१, बाकी २४६८. इथवर बाकी चढते: २, २४, २४६, २४६८. आता उतार लागतो. २४६८८७ मधून २२२२२१, बाकी २४६६६. २४६६६६५ मधून २२२२२२१, बाकी २४४४४४. मग २४४४४४४३ मधून २२२२२२२१, बाकी २२२२२२२. आणि शेवटी २१ उतरवले की २२२२२२२२१, वजा करायचेही बरोबर २२२२२२२२१. शून्य. प्रत्येक पायरीला भागाकारात एकच येतो, नऊ वेळा. मी हे फळ्यावर करायचो तेव्हा सहाव्या-सातव्या बाकीपासून वर्ग पुढची बाकी आधीच ओरडून सांगायला लागायचा.

संख्या वाचायची कशी, असंही तुम्ही शेवटी विचारलंत. बाजारातल्या हिशेबानं ती साधारण १२३ कोटी कोटी. पण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त एककापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं आहेत, दर स्थान आधीच्याच्या दहापट, आणि आपली सतरा अंकी संख्या त्यात शेवटून दुसऱ्या स्थानापर्यंत छान बसते. मुलाला मोठ्यानं वाचू द्या: एक मध्य, दोन अंत्य, तीन जलधी, चार शंकू, पाच महापद्म, सहा निखर्व, सात खर्व, आठ अब्ज, नऊ अर्बुद, आठ कोटी, सात प्रयुत, सहा लक्ष, पाच अयुत, चार सहस्र, तीन शत, दोन दश, एक. एकच गोष्ट लक्षात ठेवा, खर्व-निखर्व-पद्म ही नावं वेगवेगळ्या याद्यांत वेगवेगळ्या घातांना लावलेली सापडतात. लीलावतीची यादी धरली असेल तर ती शेवटपर्यंत धरा.

आणि वर्गमूळ झाल्यावरही तो उठला नाही, तर संख्येला ३७ नं भागायला द्या. कागदावरच. तीननं भागलं तर ४११५२२६३२९२१८१०७ असं काहीतरी ओबडधोबड येतं, म्हणून फार अपेक्षा ठेवू नको असंही आधी सांगून ठेवा. ३७ चं उत्तर येईल ३३३६६६९९९६६६३३३. ते का आलं हे त्याला सांगू नका. ३३३३३३३३३ ही संख्या तीन वेळा, दर खेपेला तीन घरं सरकवून, एकाखाली एक लिहायला द्या आणि हातचा कुठे लागतो ते शोधायला सांगा.